वहिनींनी वाचून दाखवलेले शेवट

रेक्टरबाईंचा विषय निघाला की मी आधी मशीनवरचा पाय काढते. रागात पाय जोरात चालतो आणि गिऱ्हाइकाच्या पँटची शिलाई वाकडी जाते. एकदा गेलीये.

माझं दुकान तळमजल्यावर. चेन बदलून देणं, उंची कमी करणं, कंबर सैल करणं. नवं शिवून घ्यायला हल्ली कोण येतंय? माणसं जाड होतात म्हणून माझं पोट चालतं. दुकानाच्या बरोब्बर वर रेक्टरबाईंची गॅलरी. तिथलं सगळं मला खाली ऐकू येतं, आणि कानात बोळे घालून बसणाऱ्यांतली मी नाही.

बाई मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर होत्या. रिटायर होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं, पकडणं. कोण खोटी आत्या आजारी पाडतंय, कोण भिंतीवरून उडी मारून येतंय, कुणाच्या उशीखाली कुणाचा फोटो आहे. मुलीनं तोंड उघडायच्या आत बाई म्हणायच्या, "खोटं सांगणार असशील तर जरा बरं सांग. हे मागच्या वर्षी एकीनं सांगून झालंय." लग्न केलं नाही. "हिच्याशी कोण करणार होतं?" असं लोक मागे म्हणायचे, पुढ्यात म्हणायची छाती कुणाची नव्हती. घर बाईंच्या नावावर. धाकटा भाऊ आणि त्याची बायको त्यांच्याकडेच राहायचे. भाऊ गरीब गाय. बहिणीपुढे गप्प, बायकोपुढे गप्प, आणि एक दिवस कायमचाच गप्प झाला. मागे उरल्या नणंद आणि भावजय. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांनी हे घर बघितलेलं नाही. इथे विळा एकटा चालायचा आणि भोपळा निमूट चिरून घ्यायचा.

बाईंना शौक एकच, रहस्यकथा. त्यासुद्धा रक्ताच्या थारोळ्यातल्या नव्हेत, तसलं त्यांना किळसवाणं वाटायचं. यांच्या पुस्तकांत खून व्हायचा पण कुणाला फारसं वाईट वाटायचं नाही. एखादं छोटं गाव, सगळे एकमेकांना ओळखणारे. फुलांच्या प्रदर्शनात एक श्रीमंत माणूस आडवा होतो, आणि मग कुणी म्हातारी, कुणी बेकरीवाली, घरोघर चहा पीत पीत खुनी शोधून काढते. मांजर हटकून असतंच. खुनीसुद्धा एवढा सभ्य की कपातला चहा संपवून मगच पोलिसांबरोबर जातो. मला आवडायची ती पुस्तकं, खोटं कशाला बोलू. बाईंची वाचून झाली की मीही वाचायचे.

दर वर्षाच्या सुरुवातीला बाई स्वतःशी एक पण करायच्या. एका वर्षी फक्त ज्यांत मांजर खुन्याला शोधून देतं तीच पुस्तकं. एका वर्षी एकाच मालिकेची सगळी, एकही न गाळता. आणि एक नियम कायमचा. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, खुन्याचं नाव मोठ्यानं जाहीर करायचं, इतक्या मोठ्यानं की खाली मला ऐकू यावं, मग चहा घ्यायचा, आणि मग शेवट वाचायचा. बरोबर आलं तर काचेच्या बरणीत पांढरं बटण, चुकलं तर काळं. बटणं माझ्या दुकानातली, फुकट. "टेलरबाई, काळी कमीच द्या," त्या म्हणायच्या, "पडून राहतात." खरंच पडून राहायची. डोकं होतं बाईंना, ते नाकारून चालणार नाही.

आता वहिनी. वहिनी म्हणजे भावजय, आख्खी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणते. बाई मात्र "मठ्ठ" म्हणायच्या. प्रेमानं वगैरे काही नाही, खरोखरच तसं समजून म्हणायच्या. "मठ्ठ, दरवाजा लाव." "आमच्या मठ्ठला विचारा, दूध का उतू गेलं." पाहुण्यांसमोर तर जास्तच. बिचारीची शाळा अर्धवट सुटलेली. लग्न होऊन आल्यावर घरात एवढी पुस्तकं बघून एक दिवस तिनं त्यातलं एक उचललं आणि ओट्याला टेकून, ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. आणि रमली. निम्म्यावर आली असेल, तर बाई पाणी प्यायला आत आल्या. पेला भरला, सावकाश प्यायल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "माळी आहे गं तो. माळ्यानं मारलंय. उगाच डोळे नको फोडूस."

दुसऱ्या पुस्तकाला, "सख्खी बहीणच." तिसऱ्याला, "पोस्टमन. पान उलटायच्या आधी हात पूस."

वहिनींनी पुस्तक कपाटात लपवून वाचलं, तर बाईंनी जेवताना सगळ्यांसमोर नाव सांगितलं. नवरा हसला. एकदा वहिनी अगदी हात जोडून म्हणाल्या, "वन्सं, एवढं एक नका ना सांगू." त्यावर बाई काय म्हणाल्या असतील? "अगं, तुला वाचूनही कळलं नसतं. मी तुझे कष्ट वाचवले." आणि मग माझ्याकडे वळून, "गाढवाला गुळाची चव काय?" मी तेव्हा वर मापं घ्यायला गेले होते. असा संताप आला होता मला! टाचणी तोंडात होती म्हणून गप्प बसले.

अशी किती वर्षं गेली असतील ते मोजत नाही. एक मात्र खरं, आख्ख्या संसारात वहिनींना एकाही गोष्टीचा शेवट स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला मिळाला नाही.

मग बाईंचे डोळे गेले. पूर्ण नाही, मधलं गेलं. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसत राहील, समोरचं नाही. दार दिसायचं, दारातला माणूस दिसायचा नाही. अक्षर तर नाहीच. बाईंची भाची, बहिणीची मुलगी, एक वाचून दाखवणारं यंत्र घेऊन आली. बाईंनी ते एक दिवस ऐकलं आणि परत दिलं. म्हणाल्या, "हे मेलं यंत्र प्रेत आणि पावरोटी एकाच आवाजात वाचतं." मग उरलं कोण? वहिनी.

गॅलरीत रोज संध्याकाळी वाचन सुरू झालं. सुरुवातीला ऐकवत नव्हतं. वहिनी अडखळायच्या आणि बाई फाडून खायच्या. "पूर्णविराम दिसत नाही का? मला दिसत नाही ते समजू शकतं, तुला काय झालंय?" पण हळूहळू वहिनींची जीभ वळली. आवाज आधीपासून गोड होताच, फक्त तो कुणी ऐकून घेतला नव्हता. थोड्याच दिवसांत असं झालं की मी मशीन थांबवून ऐकायला लागले. गिऱ्हाइकं खोळंबायची. खोळंबू देत.

भाचीच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. ती नोकरीवाली, धावपळीची, स्वभावानं वाईट नाही, पण काम उरकण्याची घाई फार. बाईंनी एकदा गॅसवर रिकामं भांडं तापत ठेवलं, एकदा चुकीच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्याची बेल वाजवली. न दिसणाऱ्या माणसाचं होतं तसं. पण भाची म्हणायला लागली, "मावशीचं डोकं आता पूर्वीसारखं राहिलं नाही." आणि एका रविवारी ती वृद्धाश्रमाची माहिती घेऊन आली. गुळगुळीत कागद, त्यावर हसऱ्या म्हाताऱ्या. मी बाईंचा गाऊन आखूड करून द्यायला वर गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

बाई ताठ बसल्या. "डोळ्यांनी दगा दिलाय," त्या म्हणाल्या, "डोक्यानं नाही. यंदाचा माझा पण ऐकून ठेव. त्या घड्याळवालीची सगळी पुस्तकं मी ओळीनं ऐकणार." घड्याळवाली म्हणजे नव्या मालिकेतली म्हातारी, घड्याळं दुरुस्त करता करता खुनी पकडणारी. "लागोपाठ तीन खुनी चुकले, तर समज माझं डोकं गेलं. मी स्वतः बॅग भरीन, तुला सांगावं लागणार नाही. पण तोवर या घरात त्या आश्रमाचं नाव काढायचं नाही. टेलरबाई, तुम्ही साक्षीला."

"बरं मावशी," भाची म्हणाली. लहान पोराला म्हणतात ना, तसं.

वहिनी कप उचलत होत्या. त्या थांबल्या, एवढं मला आठवतं.

पहिली काही पुस्तकं बाईंनी लीलया ओळखली. बरणीत पांढरं, पांढरं, पांढरं. बाई खुशीत, दिवसभर वहिनींना टोमणे. "तुला कोण वाटला होता गं? नोकर? तुला दर वेळी नोकरच वाटतो, तुझी झेप तेवढीच." आणि मग ते पुस्तक आलं ज्यात गावातल्या एका म्हाताऱ्या जमीनदाराला त्याच्याच घरात विष घातलेलं असतं.

वरून आवाज आला, "डॉक्टर! टेलरबाई, ऐकलंत का? डॉक्टर!" चहा झाला. वहिनी वाचायला लागल्या. मी मशीन बंद केलं.

खुनी डॉक्टर नव्हता. संगीतशिक्षिका होती. दर मंगळवारी जमीनदाराकडे पेटी शिकवायला येणारी, कायम हातमोजे घालणारी, जिच्याकडे तोवर कुणी धड बघितलंही नव्हतं. आणि तिनं का मारलं ते वहिनींनी असं वाचलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या जमीनदारानं तिच्या तरुणपणी तिच्या गाण्याला भर बैठकीत हसून तिचं तोंड कायमचं बंद केलेलं असतं. तो ते विसरून गेलेला असतो. ती नसते विसरलेली.

मग बाई म्हणाल्या, "परत वाच."

वहिनींनी परत वाचलं, शब्दाला शब्द तोच. बरणीत काळं बटण पडल्याचा आवाज मी खाली ऐकला.

पुढच्या पुस्तकात बाई म्हणाल्या वकील, आणि निघाली वकिलाची आई. दुसरं काळं बटण. आणि त्यानंतर बाई खचायला लागल्या. खचल्या म्हणजे काय, ज्या बाईनं जन्मात कुणाला विचारलं नाही ती सगळ्याला विचारायला लागली. "मी आंघोळ केली का?" "आज वार कोणता?" जिना उतरताना एकेका पायरीवर थांबायच्या. माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "टेलरबाई, हातमोज्यांचा उल्लेख आधी आला होता. मला तो आठवतोय. मग मला कळलं कसं नाही?" मला ती बाई कधी आवडली नाही, पण तेव्हा मी हातातलं काम टाकून त्यांना वर पोचवून आले. वर वहिनी साखरेसारख्या गोड. "औषध घेतलं का गं मी?" "घेतलंत की वन्सं. दोनदा घेतलंत." ते खरं होतं की खोटं, देव जाणे.

आता मला कळलं कसं ते सांगते. ती संगीतशिक्षिका माझ्या डोक्यातून जाईना. तो शेवट मला पुन्हा वाचायचा होता, स्वतः, सावकाश, रडत रडत. म्हणून मी लायब्ररीतून ते पुस्तक आणलं आणि थेट शेवटचं प्रकरण काढलं. तर तिथे डॉक्टर! जमीनदाराची जमीन हवी असते, औषधात विष घालतो, झालं. मागची पानं चाळली. पेटी शिकवायला येणारी एक बाई होती खरी, पहिल्या प्रकरणात तिचं एक वाक्य होतं. हातमोजे कुठेच नव्हते.

दुपारी बाई झोपल्या असताना मी वर गेले. वहिनी स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी पुस्तक ओट्यावर आपटलं. "वहिनी, डॉक्टरनं मारलंय."

त्यांनी मान वर केली नाही. "लेखकानं तसं लिहिलंय खरं," त्या म्हणाल्या. "पण मला नाही पटलं. डॉक्टरला घाई कसली होती? म्हातारा तसाही मरायलाच टेकला होता."

"आणि हातमोजे?"

"ते मी तिसऱ्या प्रकरणात घातले. मग सातव्यात एकदा. उगाच शेवटी आणले असते तर वन्संनी पकडलं असतं."

ही बाई दुपारी पुस्तक आधी वाचून काढायची, खुनी बदलायची, त्याला पुरावे शिवायची, आणि संध्याकाळी ते सगळं तोंडानं मधे मधे घालत वाचायची, एकदाही न अडखळता. आणि "परत वाच" म्हटलं की तेच शब्द परत! आम्ही हिला मठ्ठ म्हणत होतो.

"अहो पण म्हातारी खचलीय," मी म्हणाले. "आणखी एक चुकलं की तिला तिच्या स्वतःच्या घरातून जावं लागेल. घर पाहिजे का तुम्हाला?"

"घर घेऊन काय करू? मला झोपायला एक खोली पुरते." आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला त्यांना जाताना बघायचंय. जिना उतरताना. एवढंच. तुम्हाला काय वाटतं, भांडी घासताना मी काय करत होते इतकी वर्षं? त्यांनी माळी सांगितला की मी म्हणायची, माळी नाही. माळ्याची बायको. आणि मग ती कशी, ते मनात जुळवायचं, भांडी संपेपर्यंत. कुणाला सांगणार होते? आता सांगते. त्यांनाच सांगते."

"मी त्यांना सांगणार," मी म्हणाले.

"सांगा की," वहिनी म्हणाल्या आणि भाजीची देठं सुपात गोळा करायला लागल्या.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुस्तक माझ्या हातात होतं. दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेल्यावर मी बाईंसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, सरळ, काही न लपवता. मग खरं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. डॉक्टर. तुम्ही बरोबर होता, बाई. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही.

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर उठून वहिनींच्या झिंज्या उपटतील. बाई हसल्या.

"टेलरबाई, तुम्ही मनानं चांगल्या आहात. पण गोष्ट तुम्हाला जमत नाही. हा काय शेवट झाला? जमीन पाहिजे म्हणून मारलं! शाळकरी पोर असं लिहितं."

"अहो, मी नाही रचलेलं! इथे छापलंय!"

"मला दिसत नाही म्हणून काहीही छापलेलं असू शकतं," बाई म्हणाल्या. "त्या संगीतशिक्षिकेचा शेवट ज्यानं लिहिला त्याच्या डोक्याला तोड नाही. मी त्याच्यापुढे हरले, ते मी मान्य केलंय. आणि तुम्ही म्हणता ते आमच्या मठ्ठनं रचलं? बाजारातून तीन वस्तू सांगितल्या तर ती दोन आणते!"

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात पिशवी. कधी आल्या होत्या कोण जाणे.

"वहिनी, सांगा ना यांना!" मी ओरडले.

आणि वहिनींनी सांगितलं. मला वाटलं नव्हतं त्या कबूल होतील. पण त्यांचा चेहरा काही वेगळाच झाला होता. "वन्सं," त्या म्हणाल्या, "मीच रचलं ते. संगीतशिक्षिका माझी. वकिलाची आईपण माझी. तुम्ही दोन्ही वेळा बरोबर होता." त्यांना वाईट वाटून त्या हे सांगत नव्हत्या. 'तोड नाही' हे शब्द त्यांनी ऐकले होते आणि ते त्यांना स्वतःच्या नावावर हवे होते. त्यासाठी त्या हातातला डाव सोडून द्यायला निघाल्या होत्या.

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "टेलरबाईंनी पढवलं का गं तुला? म्हातारीला बरं वाटावं म्हणून? अगं, खोटं सांगायलाही अक्कल लागते. माझ्या भावाला मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलगी बघायला बरी आहे, पण वर काही नाही."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली, आत गेल्या आणि घड्याळवालीचं पुढचं पुस्तक घेऊन आल्या. त्याचं शेवटचं प्रकरण त्याच संध्याकाळी वाचायचं होतं. "आत्ताच वाचू," त्या म्हणाल्या. "नाव घ्या, वन्सं."

"नगराध्यक्ष," बाई म्हणाल्या. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

चहा झाला नाही. वहिनी वाचायला लागल्या. मी मागे जाऊन त्यांच्या खांद्यावरून पानात बघितलं. पानावर नगराध्यक्ष होता, ढळढळीत. वहिनींची नजर पानावर नव्हतीच. त्या बाईंकडे बघत बोलत होत्या, आणि खुनी होती मेलेल्या माणसाची सून, जिनं त्याची सेवा करता करता त्याला रोज थोडं थोडं मारलं, आणि सगळं गाव तिला 'किती करते हो!' म्हणत राहिलं. मधेच मी ओरडले, "अहो बाई, इथे नगराध्यक्ष लिहिलंय! आईशप्पथ!"

"टेलरबाई, दया नको," बाई म्हणाल्या. "ऐकू द्या."

संपलं तेव्हा बाईंनी डोळे पुसले. "बघा," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात शेवट. आणि मला सुचलं नाही. सेवा करणारीकडे बघायचं असतं, एवढंही मला सुचलं नाही." त्यांनी हात पुढे करून काळं बटण मागितलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. स्वतःचं डोकं गेलं हे त्यांनी मानलं. भावजयीला डोकं आहे हे काही मानलं नाही.

भाचीला मी फोन केला, सगळं समजावून सांगितलं. ती रविवारी आली, पुस्तकं उघडून बघितली, आणि बाईंना म्हणालीसुद्धा, "मावशी, टेलरकाकू खरं बोलतायत." बाई म्हणाल्या, "तूही? सगळ्यांनी मिळून मला गोंजारायचं ठरवलंय का? मी शब्द दिलाय." भाचीनं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं नाही. खोली तिनं आधीच बोलून ठेवलेली होती. तिला दोष देऊन तरी काय करू? बुडत्याला काठी द्यायची, आणि त्यानं ती ढकलून दिली तर काठावरच्या माणसाला घरी जायची घाई होतेच.

बाईंनी बॅग स्वतः भरली, चाचपून चाचपून. जिन्यात वहिनी कठड्याला धरून उभ्या होत्या. जे बघायचं होतं ते समोर चाललं होतं, आणि चेहऱ्यावर समाधानाचा मागमूस नाही. खालच्या पायरीवर बाई थांबल्या, वर तोंड केलं. वहिनी दोन पायऱ्या उतरल्या. काहीतरी ऐकायच्या आशेनं उतरल्या, मी बघितलं ना.

"वाचायचीस बरं," बाई म्हणाल्या. "आवाज चांगला होता. बाकी त्यात तुझं काय म्हणा." आणि गाडीत बसल्या.

मी महिन्यातून एकदा तिकडे जाते. नाही राहवत. खोली स्वच्छ आहे, खिडकी आहे, शेजारच्या पलंगावरच्या आजी दिवसभर कुणाला तरी हाका मारतात. एक कॉलेजची मुलगी येऊन वाचून दाखवते, पण बाई आता खुन्याचं नाव घेत नाहीत. मुलगी शेवटच्या प्रकरणाआधी थांबते, विचारते, "आजी, कोण असेल?" बाई म्हणतात, "मला काय कळतंय? तू वाच." मग जे नाव येतं ते ऐकून मान हलवतात. घास भरवायला आलेली बाई "आ करा" म्हणाली की आ करतात.

मागच्या खेपेला त्यांनी माझा हात धरला. "टेलरबाई, त्या घड्याळवालीच्या लेखकाचं नवीन काही आलं का हो? ती शेवटची तीन होती ना, तसं? तसं मी जन्मात ऐकलं नाही. ही पोरगी वाचते ती सगळी फुळकवणी."

मी परत एकदा सांगून बघितलं. परत एकदा त्या हसल्या.

घरी आल्यावर मी वर गेले. वहिनी गॅलरीत बसल्या होत्या. पुस्तक मांडीवर, पण उघडलेलं नाही. आता घरात शेवट फोडणारं कुणी नाही, तरी त्या वाचत नाहीत. म्हणतात, निम्म्यावर आलं की मन लागत नाही.

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं. दर वेळी विचारतात.

मी सांगितलं. जन्मात तसं ऐकलं नाही म्हणाल्या. त्या लेखकाचं पुढचं कधी येतं ते विचारत होत्या.

वहिनींचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "आणि तुम्ही सांगितलंत? ते कुणाचं होतं ते?"

"सांगितलं."

"मग?"

"हसल्या."

वहिनींनी मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं. "पुढच्या वेळी विचारलं तर सांगा," त्या म्हणाल्या, "तो लेखक मेला."

मी या महिन्यात गेले तेव्हा बाईंनी विचारलंच, आणि मी तसंच सांगितलं. "अरेरे!" बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. "मोठा माणूस गेला हो." मग त्यांनी चहा किती वाजता येतो ते विचारलं.